मांगरातला ऑफ-ग्रिड सौर संच: सुटे भाग घेऊन स्वतः केलेल्या जोडणीचे परीक्षण

कुडाळ तालुक्यातील आमच्या आंबा-काजूच्या बागेत चिऱ्याच्या भिंतींचा आणि मंगलोरी कौलांचा एक जुना मांगर आहे. एरवी त्यात अवजारे, खताची पोती आणि फवारणीचे पंप असतात. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मात्र राखणीसाठी माणूस तिथेच राहतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत एका बाजूला भाताच्या पेंढ्यात आंब्याची आढी लागते, तर दुसऱ्या बाजूला रात्री उशिरापर्यंत प्रतवारी आणि पेटीभरणी चालते. महावितरणचा सर्वांत जवळचा खांब व्हाळाच्या पलीकडे आहे. त्यामुळे बाहेरच्या विजेवर मुळीच अवलंबून नसलेला, स्वतःची बॅटरी असलेला लहान सौर संच बसवायचे ठरले. दुकानात मिळणारा तयार संच न घेता प्रत्येक भाग वेगळा निवडला आणि जोडणी घरच्या माणसांनीच केली. एक संपूर्ण पावसाळा आणि एक संपूर्ण आंब्याचा हंगाम या संचाने पार पाडल्यानंतर त्यातील वस्तूंविषयी आणि त्या पुरवणाऱ्या दुकानाविषयी हे परीक्षण लिहीत आहे.

मत सुरुवातीलाच सांगतो. पॅनल, बॅटरी आणि चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत नीट भरणारे उपकरण) या तीन मोठ्या वस्तू आज बाजारात चांगल्या प्रतीच्या मिळतात आणि त्या निवडताना फार चूक होण्याची भीती उरलेली नाही. लहान ऑफ-ग्रिड संच सुरक्षित राहील की नाही आणि किती वर्षे चालेल, हे मात्र वायरची जाडी, डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेचा एमसीबी म्हणजे आपोआप पडणारा खटका, बॅटरीजवळचा फ्यूज, तारेच्या टोकाला लग (जोडणीची धातूची टोपी) दाबण्याचे काम आणि अर्थिंग यांवर ठरते, आणि नेमक्या याच गोष्टी तयार संचाच्या यादीत एक तर नसतात किंवा अगदी हलक्या प्रतीच्या असतात.

खरेदीपूर्वी गरजेचा हिशेब कागदावर मांडला पाहिजे, कारण दुकानदार बहुधा आधी इन्व्हर्टर किती व्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा) हवा हे विचारतो आणि तिथूनच सगळे गणित उलट्या दिशेने सुरू होते. आमच्या मांगरात ऐन हंगामात ९ वॅटचे पाच दिवे पाच तास चालतात, २८ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा रात्रभर म्हणजे साधारण नऊ तास फिरतो, ५ वॅटचा फोरजी कॅमेरा चोवीस तास सुरू असतो, दोन-तीन मोबाइल आणि एक विजेरी चार्ज होते, आणि पाठीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी भरावी लागते. या सगळ्याची बेरीज दिवसाला सुमारे ७७० वॅट-तास होते. साधा ७५ वॅटचा पंखा लावला असता तर एकट्या पंख्यानेच ६७५ वॅट-तास घेतले असते. म्हणून ज्यांना असा संच बसवायचा आहे त्यांनी पहिला खर्च बीएलडीसी पंख्यावर करावा. कमी वॅटच्या पंख्यामुळे पॅनल आणि बॅटरी यांवर वाचणारे पैसे त्या पंख्याच्या किमतीहून कितीतरी अधिक आहेत.

पॅनल ३३५ वॅटचे, ७२ सेलचे पॉलिक्रिस्टलाइन घेतले. आजकाल ५४० वॅटची मोनो पॅनल सर्रास मिळतात आणि प्रति वॅट ती स्वस्तही पडतात. परंतु सव्वादोन मीटरहून लांब आणि पावणेतीस किलोच्या आसपास वजनाचे पॅनल पायवाटेने, दोन ठिकाणी गडग्यांवरून उचलून नेणे आणि नंतर वाऱ्यात टिकेल असे बसवणे हे वेगळे काम होते, आणि आमच्या गरजेला तेवढ्या क्षमतेची आवश्यकता नव्हती. पॅनलवर छापलेली क्षमता ही प्रति चौरस मीटर १००० वॅट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश या प्रयोगशाळेतील स्थितीसाठी असते. एप्रिलमधल्या दुपारी सेलचे तापमान ६० अंशांच्या वर जाते, आणि पॉलिक्रिस्टलाइन सेलची क्षमता दर अंशाला सुमारे ०.४ टक्के घटते, म्हणजे ३३५ वॅटच्या पॅनलकडून भर उन्हात २८५ ते २९० वॅटपेक्षा अधिक अपेक्षा ठेवू नये. पॅनल घरी आल्यावर मल्टीमीटरने खुल्या टोकांचे व्होल्टेज तपासले, तेव्हा लेबलवरील ४६ व्होल्टऐवजी दुपारी ४२ व्होल्ट दिसले. हा दोष नव्हे. तापलेल्या पॅनलचे व्होल्टेज इतके उतरणे स्वाभाविक आहे, आणि एवढ्यावरून पॅनल परत करू नये. दिवसाला पाच तास पूर्ण उन्हाच्या बरोबरीचा प्रकाश धरला आणि उष्णता, धूळ, वायर व बॅटरी यांतील घट मिळून तीस टक्के वजा केली, तरी हे पॅनल सुमारे ११७० वॅट-तास देते, आणि ७७० च्या गरजेवर तेवढी शिल्लक पुरेशी आहे.

चार्ज कंट्रोलरच्या बाबतीत मात्र तडजोड केली नाही. बाजारात दीड-दोन हजारांत मिळणारे पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतात. ज्या पॅनलचे काम ३८ व्होल्टवर चालते त्याला १३ व्होल्टच्या बॅटरीवर असे बांधले, तर निम्म्याहून अधिक वीज वायाच जाते. ३६ सेलच्या, १८ व्होल्टवर चालणाऱ्या लहान पॅनलसाठी पीडब्ल्यूएम ठीक आहे; ७२ सेलच्या पॅनलसाठी एमपीपीटीच हवा, कारण तो पॅनलला त्याच्या योग्य व्होल्टेजवर चालवून ती वीज बॅटरीच्या व्होल्टेजला बदलून देतो. आम्ही नेदरलँड्समधील व्हिक्ट्रॉन एनर्जी या कंपनीचा स्मार्टसोलर १००/२० घेतला. यातील १०० हा आकडा पॅनलच्या बाजूच्या कमाल व्होल्टेजचा आणि २० हा बॅटरीकडे जाणाऱ्या कमाल अँपिअरचा आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर हा कंट्रोलर २९० वॅटपर्यंतच वीज घेतो, त्यामुळे ३३५ वॅटचे पॅनल त्याला मोठे होईल अशी शंका दुकानातच निघाली होती. वर सांगितलेला उष्णतेचा हिशेब लक्षात घेतला की ती शंका उरत नाही, कारण कोकणातल्या उन्हात ही दोन्ही मोजमापे जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पुढे वाढ करायची झाल्यास मात्र तसेच दुसरे पॅनल मालिकेत जोडण्याचा मोह टाळावा. दोन पॅनलचे खुले व्होल्टेज ९२ होते, आणि थंडीतल्या पहाटेच्या पहिल्या उन्हात ते आणखी वर चढते, त्यामुळे १०० च्या मर्यादेपाशी सुरक्षिततेसाठी जागाच राहत नाही.

या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ अंगभूत आहे आणि मोबाइलवरील ॲपमध्ये गेल्या ३० दिवसांची नोंद दिसते. रोज किती वीज आली, कमाल किती वॅट मिळाले, बॅटरीचे व्होल्टेज किती खाली गेले, हे सारे एका दृष्टिक्षेपात कळते, आणि स्वतः जोडणी करणाऱ्याला याहून चांगला शिक्षक मिळणार नाही. कंट्रोलरला स्वतःचा पडदा नाही, त्यामुळे राखणीच्या माणसाच्या फोनवर ॲप टाकून द्यावे लागते, ही त्याची मर्यादा म्हणावी लागेल. लोड आउटपुट, म्हणजे दिवे-पंखा जोडण्याची कंट्रोलरवरची टोके, हा भाग मला सर्वांत उपयोगी वाटला. बॅटरी ठरवलेल्या व्होल्टेजखाली गेली की कंट्रोलर दिवे आणि पंखा आपोआप बंद करतो. आम्ही १२ व्होल्टला बंद आणि १३.१ व्होल्टला पुन्हा चालू अशी मांडणी केली आहे. बॅटरीतील बीएमएसने (बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या संरक्षक सर्किटने) स्वतः पुरवठा तोडण्याची वेळ येऊच नये, हा त्यामागचा हेतू, कारण बीएमएसने बॅटरी तोडली की कंट्रोलरला बॅटरीच दिसेनाशी होते आणि ती पुन्हा जागी करणे किचकट ठरते. जोडताना आधी बॅटरी आणि नंतर पॅनल हा क्रम पाळावा, आणि काढताना नेमका उलटा. कंट्रोलर बॅटरी १२ व्होल्टची आहे की २४ ची हे तिच्याकडे पाहूनच ओळखतो. जोडणीच्या कप्प्याला पावसापासून संरक्षण नाही, म्हणून कंट्रोलर भिंतीवर आत, उभा, वर-खाली हवा खेळेल असा लावला आणि केबलच्या वाटा ग्लँडने (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बंद केल्या. मुंग्या आणि पाली यांना उबदार पेटी फार आवडते, हे कोकणात वेगळे सांगायला नको.

बॅटरी १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची आहे. दुकानदाराचा आग्रह १५० अँपिअर-तासाच्या ट्युब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाच्या, बॅटरीचा होता, आणि घरात महावितरणची वीज असलेल्या ठिकाणी तो सल्ला मी मानलाही असता. मांगरात मात्र कारणे वेगळी आहेत. शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार पूर्ण भरली गेली नाही, तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि क्षमता कायमची उतरते. जुलैमध्ये सलग आठवडाभर सूर्य न दिसणाऱ्या प्रदेशात ती बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेतच राहणार, म्हणजे तिचे आयुष्य पहिल्याच पावसाळ्यात घटू लागणार. लिथियम आयर्न फॉस्फेटला अर्धवट भरलेले राहण्याचा त्रास नाही. शिवाय ट्युब्युलर बॅटरीची निम्मीच क्षमता वापरावी असा नियम असल्यामुळे १८०० वॅट-तासांतून ९०० च हाती येतात, आणि या १२८० वॅट-तासांच्या बॅटरीतून एक हजाराहून अधिक बिनधास्त घेता येतात. डिस्टिल्ड वॉटर घालण्याचे काम नाही, आम्लाच्या वाफा नाहीत, आणि पन्नास किलोंहून अधिक वजनाऐवजी बारा-तेरा किलोंची पेटी एक माणूस सहज उचलून नेतो. चार्जिंग व्होल्टेज ॲपमधून लिथियमसाठी १४.२ वर ठेवले आहे. एक गोष्ट मात्र खरेदीपूर्वी समजून घ्यावी. या बॅटरीचे व्होल्टेज बराच काळ १३.१ ते १३.२ च्या आसपास स्थिर राहते, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून किती शिल्लक आहे याचा अंदाज करता येत नाही. बीएमएसमध्ये ब्लूटूथ असलेली बॅटरी घेतली तर टक्केवारी कळते, आणि त्यासाठी थोडे अधिक पैसे देणे योग्य आहे.

आता इन्व्हर्टरविषयी, कारण येथेच बहुतेक लहान संच फसतात. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीही लावले नाही, तरी तो दहा-पंधरा वॅट घेत राहतो. चोवीस तासांत हा खर्च २४० ते ३६० वॅट-तास होतो, म्हणजे आमच्या पंख्याच्या रात्रभराच्या खर्चाइतका किंवा त्याहूनही अधिक. म्हणून दिवे, पंखा आणि कॅमेरा हे सर्व १२ व्होल्ट डीसीवर, कंट्रोलरच्या लोड आउटपुटमधून चालतात, आणि प्युअर साइन वेव्हचा ६०० व्हीएचा लहान इन्व्हर्टर फवारणी पंपाच्या चार्जरसाठी किंवा क्वचित ड्रिलसाठी तेवढ्यापुरता चालू केला जातो. इन्व्हर्टर लोड आउटपुटवर जोडू नये, तो फ्यूजमार्गे थेट बॅटरीवरच जोडावा. चालू होतानाचा त्याचा झटका कंट्रोलरच्या आउटपुटला सोसणारा नसतो. डीसीची ही मांडणी करताना दिवे निवडण्यात काळजी हवी. लोड आउटपुटवर बॅटरीचेच व्होल्टेज येते, म्हणजे दुपारी चार्जिंग चालू असताना १४ व्होल्टच्या वर. केवळ १२ व्होल्टसाठी बनवलेले स्वस्त एलईडी दिवे अशा व्होल्टेजवर काही महिन्यांत काळवंडतात. ज्यांच्यात ड्रायव्हर (दिव्याची वीज स्थिर ठेवणारे सर्किट) आहे आणि ज्यांच्या वेष्टनावर व्होल्टेजचा रुंद पल्ला छापलेला आहे, तेच दिवे घ्यावेत, आणि कॅमेऱ्यासाठी १२ व्होल्ट स्थिर देणारा लहान कन्व्हर्टर मध्ये लावावा.

वायरची जाडी हा १२ व्होल्टच्या संचाचा कणा आहे. पॅनलपासून मांगरापर्यंतचे अंतर दहा मीटर आहे आणि तिथे ४ चौरस मिलिमीटरची, उन्हात न फुटणारी सोलर डीसी केबल वापरली. जाण्या-येण्याची वीस मीटर तार धरली तर तिचा रोध सुमारे ०.१ ओहम होतो, आणि ९ अँपिअरला त्यात ०.९ व्होल्ट उतरतात. ३८ व्होल्टच्या पॅनलसाठी ही अडीच टक्क्यांच्या आतली घट झाली. हेच अंतर कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यामध्ये ठेवले असते, तर वीस अँपिअरला दोन व्होल्ट गेले असते आणि बॅटरी कधीच पूर्ण भरली नसती. म्हणून लांब अंतर नेहमी पॅनलच्या बाजूला ठेवावे आणि कंट्रोलर बॅटरीला अगदी खेटून लावावा. आमच्याकडे त्या दोघांमध्ये हातभर लांबीची ६ चौरस मिलिमीटरची केबल आहे, आणि बॅटरी ते इन्व्हर्टर १६ चौरस मिलिमीटरची, कारण ५०० वॅटच्या भाराला १२ व्होल्टवर सुमारे ४६ अँपिअर लागतात. ज्या घरगुती इन्व्हर्टरच्या तारा आपल्या डोळ्यांना सवयीच्या आहेत, त्यांच्याशी तुलना करून येथे अंदाज बांधू नये.

सुरक्षिततेवर मी अधिक लिहितो, कारण ज्या खोलीत बॅटरी आहे त्याच खोलीत हंगामात कोरडा पेंढा पसरलेला असतो. एसी वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, आणि एमसीबीच्या टोकांमधली ठिणगी त्या क्षणी विझते. डीसी वीज शून्यावर येतच नाही. त्यामुळे घरातला साधा एमसीबी पॅनलच्या वाटेवर लावला, तर तो खाली पाडल्यावरही आत ठिणगी जळत राहू शकते आणि त्याची पेटी वितळते. दुकानात साधे एमसीबी सर्रास हेच सांगून दिले जातात की सगळे सारखेच असते. ते सारखे नसते. डीसीसाठीच बनवलेला, दोन पोलचा, १६ अँपिअरचा एमसीबी घ्यावा आणि त्यावर धन-ऋण खुणा असतील तर त्याच दिशेने जोडावा. बॅटरीच्या धन टोकाजवळ, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज असलाच पाहिजे. शॉर्ट झाल्यास लिथियम बॅटरी क्षणात शेकडो, प्रसंगी हजारावर अँपिअर ओतू शकते, आणि त्या क्षणी तार लाल होण्यापूर्वी वितळणारा फ्यूज हाच एकमेव आधार असतो. आमच्याकडे इन्व्हर्टरच्या वाटेवर ८० अँपिअरचा आणि कंट्रोलरच्या वाटेवर ३० अँपिअरचा फ्यूज आहे. बीएमएस हे दुसरे संरक्षण आहे, पहिले नव्हे. बॅटरी, कंट्रोलर आणि इन्व्हर्टर हे तिन्ही भाग आढीच्या समोरच्या भिंतीवर, सिमेंटच्या पत्र्यावर बसवले आहेत, आणि त्या भिंतीपासून सहा फुटांच्या आत पेंढा ठेवायचा नाही हा नियम राखणीच्या माणसापासून पेटी भरणाऱ्या बायकांपर्यंत सर्वांना सांगितलेला आहे.

पॅनलच्या केबल जोडणारे एमसी-४ कनेक्टर दिसायला एकसारखे असतात, पण वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत बसवले तर आतला स्पर्श पुरेसा घट्ट होत नाही आणि तेवढी जागा तापते. पॅनलला आलेले कनेक्टर ज्या बनावटीचे आहेत, त्याच बनावटीचे जोडीदार मागून घ्यावेत, आणि ते पक्कडीने चेपून न बसवता क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबावेत. ऊन असताना, वीज वाहत असताना ते ओढून वेगळे करू नयेत. आधी एमसीबी पाडावा. सर्व स्क्रू महिन्याभराने एकदा आणि नंतर हंगामाच्या आरंभी पुन्हा घट्ट करावेत, कारण तांब्याची बारीक तार दाबाखाली हळूहळू बसते आणि सांधा सैल होतो.

अर्थिंग हे आमच्या भागातले खरे अवघड काम आहे. खाली सगळा जांभा. पावसाळ्यात तो पाण्याने भरलेला असतो, मार्चनंतर मात्र पार कोरडा होतो, आणि विजांसह येणारा वळवाचा पाऊस नेमका त्याच काळात येतो. म्हणून अर्थिंगचा खड्डा मांगराच्या मागच्या मोरीचे पाणी जिथे जिरते तिथे घेतला, तांब्याचा मुलामा दिलेला रॉड टाकला आणि भोवती ओलावा धरणारे बेंटोनाइटचे मिश्रण भरले. मीठ-कोळशाची जुनी पद्धत स्वस्त आहे, परंतु मीठ धातू खाते. पॅनलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर वीज न वाहू देणारा पातळ थर असतो, त्यामुळे अर्थिंगची तार नुसती बोल्टखाली दाबून उपयोग नाही. दातेरी वॉशर लावून तो थर फोडावा लागतो. जोडीला पॅनलच्या बाजूला डीसी सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजची अचानक उसळी जमिनीत वळवणारे उपकरण) आहे. तरीही आकाशात गडगडाट सुरू झाला की एमसीबी पाडून पॅनल वेगळे करण्याची सवय ठेवली आहे, आणि ती सोडण्याचा विचार नाही.

पॅनल कौलांवर घातले नाही. कौलांवर चालताना ती फुटतात, वानरांचा वावर असतो, आणि मांगरावर दुपारनंतर हापूसच्या जुन्या कलमाची सावली येते. मोकळ्या जागेत, गरम जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी चॅनलचा स्टँड सिमेंटच्या चार पायांवर उभा केला. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गातल्या बागांची काय अवस्था केली हे ज्यांनी पाहिले आहे, ते पायाच्या काँक्रीटमध्ये काटकसर करणार नाहीत. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतले, कारण खाऱ्या हवेत साधे बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजून जातात.

पॅनलच्या उताराविषयी सर्वत्र एकच सल्ला मिळतो: दक्षिणेकडे तोंड, आणि आपल्या अक्षांशाएवढा किंवा थोडा जास्त कल. कुडाळचा अक्षांश सुमारे १६ अंश आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो दुपारी उत्तरेकडेच असतो, आणि आपला सर्वांत वाईट काळ नेमका याच दिवसांत येतो. त्या काळात आकाश ढगाळ असते, प्रकाश एका दिशेने न येता सगळ्या आभाळातून येतो, आणि अशा वेळी पॅनल जितके आडवे तितके बरे. पावसाने धूळ वाहून जावी एवढा कल मात्र हवाच. म्हणून १५ अंश ठेवले. डिसेंबरमध्ये दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो, तेव्हा या कलामुळे नऊ टक्क्यांच्या आसपास वीज कमी मिळते, पण त्या स्वच्छ आकाशाच्या दिवसांत ती कमतरता जाणवतही नाही. हिवाळ्यापेक्षा पावसाळ्याचा विचार करून कल ठरवावा, असे कोकणापुरते माझे ठाम मत आहे.

जुलैमध्ये काही दिवस दिवसभरात तीन-साडेतीनशे वॅट-तासच जमा झाले. त्या वेळी मांगरात कॅमेरा आणि एखादा दिवा एवढाच भार असतो, त्यामुळे तो काळ निभावला. बाराही महिने मांगरात राहायचे असेल, तर मात्र या संचाच्या दुप्पट पॅनल हवे. बॅटरी वाढवून उपयोग होत नाही, कारण भरायला वीजच नसेल तर मोठी बॅटरीही रिकामीच राहते.

पॅनलची स्वच्छता आम्हांला पावसाळ्याने नव्हे, मोहोराने शिकवली. जानेवारी-फेब्रुवारीत तुडतुड्यांचा चिकट गोड स्राव झाडाखालच्या प्रत्येक वस्तूवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते, आणि स्टँड झाडापासून दूर असूनही वाऱ्यासोबत तो थर काचेवर आला. त्यात गंधकाच्या फवारणीचे कण मिसळले की काच धुरकट दिसू लागते. नुसत्या पाण्याने हा थर निघत नाही. सकाळी काच थंड असताना सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ कापड वापरले की तो निघतो, आणि ॲपमधल्या दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत फरक स्पष्ट दिसतो. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नये. संध्याकाळी फांदीची सावली पॅनलच्या एका कडेवर येते, पण ७२ सेलच्या पॅनलमध्ये तीन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे भाग) असल्यामुळे एक तृतीयांश भाग बंद पडला तरी उरलेल्या भागाचे पंचवीस व्होल्ट १२ व्होल्टची बॅटरी भरायला पुरतात. एमपीपीटी आणि अधिक व्होल्टेजचे पॅनल यांची जोडी निवडण्याचा हा आणखी एक फायदा.

दुकानाविषयी. जिल्ह्यातल्या ज्या दुकानातून बहुतेक सामान घेतले, त्याचे नाव देत नाही. पॅनल आणि बॅटरी वेळेवर मिळाली, पावतीवर अनुक्रमांक लिहून दिले, आणि इन्व्हर्टरच्या केबलला लग दाबून देण्याचे काम त्यांनी नीट केले. डीसी एमसीबी, योग्य मापाचा फ्यूज आणि सर्ज प्रोटेक्टर मात्र त्यांच्याकडे नव्हते, आणि ते नसले तरी चालते असे ठामपणे सांगण्यात आले. सौर साहित्य विकणाऱ्याने असे सांगणे मला गंभीर वाटते, कारण विचारणारा माणूस त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून आपल्या घरात ती वीज खेळवणार असतो. पावती घेताना कराकडेही पाहावे: सौर उपकरणांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, लिथियम बॅटरीवर तो १८ टक्के आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान वीज कंपनीच्या जाळ्याशी जोडलेल्या घरगुती संचांसाठी आहे, त्यामुळे अशा स्वतंत्र मांगराला ते मिळत नाही, हेही आधीच लक्षात ठेवावे.

आमचा सगळा खर्च पन्नास हजारांच्या थोडा अलीकडे राहिला. त्यात निम्म्याच्या आसपास वाटा बॅटरीचा, त्याखालोखाल कंट्रोलर आणि पॅनलचा, आणि वायर, फ्यूज, एमसीबी, अर्थिंग व स्टँड यांचा मिळून जवळजवळ पॅनलएवढाच. हा शेवटचा वाटा कमी करून मोठे पॅनल घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. पॅनल पुढे कधीही वाढवता येते. भिंतीतली बारीक तार मात्र पुन्हा काढून बदलणे कोणी करत नाही.

ज्याला मल्टीमीटर वापरता येतो, धन-ऋण टोके न चुकता ओळखता येतात आणि लग दाबायचे हत्यार ज्याच्या हाताशी आहे, त्याने १२ व्होल्टपुरती ही जोडणी स्वतः करायला हरकत नाही. इन्व्हर्टरमधून २३० व्होल्टची वायरिंग खोलीत फिरवायची असेल, तर तेवढा भाग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावा. आमच्याकडे इन्व्हर्टरच्या तोंडाशी एकच सॉकेट आहे आणि त्यापुढे भिंतीत काहीही नेलेले नाही. विहिरीवरचा पंप या संचावर चालवण्याची विचारणा शेजारच्या बागवाल्यांकडून वारंवार होते. एक अश्वशक्तीचा पंप चालताना साडेसातशे वॅटहून अधिक घेतो आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, म्हणजे हा इन्व्हर्टर, ही केबल आणि ही बॅटरी यांपैकी एकही त्यासाठी योग्य नाही. पाण्यासाठी बॅटरीशिवाय थेट पॅनलवर चालणारा वेगळा सौर पंपच घ्यावा; त्यासाठी राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्केच भरावे लागतात.